नळी घालताना एस्मोलॉल की लॅबेटॅलॉल?

भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी लॅरिंगोस्कोपचं (घसा पाहण्याच्या उपकरणाचं) पातं जिभेच्या मुळाशी टेकलं की काही सेकंदांत नाडी आणि रक्तदाब उसळतात, मिनिट-दोन मिनिटांत टोक गाठतात आणि साधारण ५ ते १० मिनिटांत आपले आपण उतरतात. धडधाकट तरुणाचं त्यात काही बिघडत नाही. पण हृदयाच्या धमन्या अरुंद असतील किंवा मेंदूत ॲन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) असेल, तर तेवढी मिनिटंही जिवावर बेतू शकतात.

उसळी अल्पजीवी, म्हणून औषधही अल्पजीवीच हवं, असं माझं ठाम मत. इथे एस्मोलॉल चपखल बसतं; ते बीटा ब्लॉकर, म्हणजे ॲड्रेनालिनचे हृदयावरचे बीटा ग्राहक अडवणारं औषध. शिरेतून दिल्यावर एक-दोन मिनिटांत लागू पडतं आणि अर्धायुकाल (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) जेमतेम ९ मिनिटं. तांबड्या पेशींमधली एस्टरेज विकरं त्याचं विघटन करतात, त्यामुळे यकृत-मूत्रपिंड कमजोर असले तरी ते रेंगाळत नाही. पातं घालण्याच्या दोन मिनिटं आधी किलोमागे १ ते १.५ मिग्रॅ. उणीव एकच: नाडी छान आवरतं, रक्तदाब तितका नाही. म्हणून जोडीला थोडं फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) द्यावं. मात्र दोन्ही मिळून दाब फार खाली नेत नाहीत ना, यावर डोळा हवा.

लॅबेटॅलॉल बीटासोबत रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अल्फा ग्राहकही अडवतं, त्यामुळे रक्तदाबावर पकड चांगली. किलोमागे ०.२५ मिग्रॅ, पण ५ ते १० मिनिटं आधी. अडचण पुढे येते. नळी बसते, उत्तेजना संपते, भुलेने दाब घसरतो, आणि औषध मात्र कित्येक तास काम करत राहतं. रक्तस्रावाची शक्यता असलेल्या शस्त्रक्रियेत मी ते टाळेन. प्रीएक्लॅम्पसियात (गरोदरपणातला उच्च रक्तदाबाचा विकार) सिझेरियनसाठी पूर्ण भूल द्यायची असेल, तर मात्र लॅबेटॅलॉलच. तिथे दाब मुळातच चढलेला असतो, आणि एस्मोलॉल वारेतून जाऊन बाळाचे ठोके मंदावू शकतं.

मेटोप्रोलॉल हा आणखी एक बीटा ब्लॉकर, पण या कामाला फारच लांब पल्ल्याचं.

दमा, हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशांना अडथळा), मंद नाडी किंवा अनियंत्रित हार्ट फेल्युअर असेल तर यातलं काहीच नको. रक्तस्रावाने खचलेल्या रुग्णाला तर मुळीच नको, कारण त्याची वेगवान नाडीच त्याला तगवून असते. फिओक्रोमोसायटोमात (ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं स्रवणारी गाठ) आधी अल्फा अडवायचा, मग बीटा.

रुग्ण आधीपासून बीटा ब्लॉकरची गोळी घेत असेल, तर शस्त्रक्रियेच्या सकाळचीही चुकवू नये. पुष्कळदा तेवढ्यानेच उसळी सौम्य होते.