मंडईतलं बालगंधर्वांवरचं नाटक: पायासारखं आहे का?

परवा आमच्या गावच्या मंडईले, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेले, वडशाच्या एका नाटक कंपनीचं बालगंधर्वांवरचं संगीत नाटक पायलं, खुर्चीचं तिकीट १५० रुपये, टाइम साडेदहाचा अन् पडदा उघडला बारा वाजता, पण झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, त्याचं कोणाले काई वाटत नाई, पहाटेआधी घरी जाते कोण.

सरळ सांगतो, हा २०११ चा 'बालगंधर्व' सिनेमाच आहे, स्टेजवर आणलेला. हिरोचं चालणं, मान वळवणं, सगळं सुबोध भावेचं. हद्द म्हणजे 'परवरदिगार' पण घेतलं अन् निवेदक सांगते का हे बालगंधर्वांचं गाजलेलं पद! अरे बावा, ते कौशल इनामदारनं सिनेमासाठी बांधलं.

मोठेबाबा सोबत होते, जवानीत दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम करायचे. ते म्हणाले, "हा बाईची नक्कल नाई करून रायला रे, सिनेमातल्या माणसाची करून रायला. आमी तं घरच्या वयनीले पाहून पदर घेत होतो." अन् बसल्या बसल्या दुपट्टा डोक्यावर घेतला, दोन बोटांनी कानामागं सारला, नजर खाली. सत्तरीचा मिशीवाला माणूस, पण एक सेकंद बाईच दिसली.

पण एक सीन असा जमला का बस. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेली अन् तरी नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, नायिका भामिनी बनून उभे रायले. हा प्रसंग सिनेमातूनच उचलला असन, पण इथं कॅमेरा नाई ना, चेहरा जवळून दाखवणार कसा? तं एक जण येऊन कानात सांगून जाते, ऑर्गनवाला नुसता सूर धरून ठेवते अन् हिरो आपल्याकडं पाठ करून उभा. किती वेळ कोण जाणे. मंग वळला अन् पद सुरू. संपलं तं मागच्या सतरंजीवरून वन्समोर आला, खराखुरा, सिनेमात त्यालेही माणसं उभी करा लागतात. अन् त्या बिचाऱ्यानं परत गायलं. मोठेबाबा चूप.

साउंड मात्र बेकार, माइक शिट्ट्या मारे, अन् 'नाथ हा माझा'च्या खाली ऑक्टोपॅड कायले वाजवता बे?

तीन स्टार. निवेदकाचं 'परवरदिगार'वालं भाषण काढलं तं साडेतीन. जायचं असन तं पुढच्या रांगेत बसू नका, बॉक्स कानातच आहे, अन् शाल न्या, दोन नंतर लय थंडी पडते.