गिटार माझी, मान भलत्याचीच

ज्यांच्या गिटारची नेक (म्हणजे मान, हातात धरायची ती लांब दांडी) मागून चकचकीत आहे आणि पावसाळ्यात तळहाताला चिकटते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 2023 च्या पावसाळ्यात या चिकटण्यापायी माझी गिटार गेली. म्हणजे गिटार घरातच आहे, तिची मान गेली.

गिटार फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक, स्ट्रॅटोकास्टर (लाडाने स्ट्रॅट), मेक्सिकोत बनलेली, पन्नाशीच्या दशकातल्या जुन्या स्ट्रॅटच्या धर्तीची. एका मित्राकडून सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे बिल नव्हतं. नेक एकाच मेपलच्या लाकडाची, आणि तिच्यावर काचेसारखा जाड थर. जुन्या काळी गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारत. तो पातळ असतो, हाताच्या घामाने वर्षानुवर्षं झिजत जातो आणि खालचं लाकूड हाताला लागायला लागतं. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरची 1961 ची स्ट्रॅट फोटोत बघा, तिच्यावर रंग नावालाच उरलाय. 1968 च्या सुमारास फेंडर पॉलिस्टरच्या लेपाकडे वळली. पॉलिस्टर काय किंवा पॉलियुरेथेन काय, हे थर कडक. दहा वर्षं रोज वाजवा, पठ्ठे ढिम्म. ऑफिसातल्या एकाकडे म्युझिक मॅन कंपनीची गिटार आहे, तिच्या नेकला नुसतं तेल आणि मेण. ती एकदा हातात घेतली आणि घरी येऊन आपली वाजवावीशी वाटेना.

मलाही तशीच हवी होती. पुण्यात नेकवरचा थर काढून तेल लावून देणारा माणूस शोधला. एका वाजवणाऱ्यानेच नंबर दिला. माणूस बोलायला गोड. म्हणाला, ‘मी मिरजेत शिकलो.’ आता मी मूळचा सांगलीचा. मिरजेचं नाव काढलं की आम्ही विरघळतो. तलवारीला धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तिथे सतारी आणि तंबोरे व्हायला लागले, ते आजतागायत. अशा गावात शिकलेल्या माणसाला काय विचारायचं? मी कुणाकडे शिकलात एवढंही विचारलं नाही.

त्याने केलेल्या कामाचे फोटो पाठवले. अप्रतिम होते. मधासारखा रंग, मधोमध झिजून फिका पडलेला. एका फोटोत मागे भिंतीवरचं प्लगचं सॉकेट दिसत होतं, दोन उभ्या चपट्या खाचांचं. अमेरिकेत असतं तसं. हे मला चार महिन्यांनी दिसलं.

ठरलं असं: 9,500 रुपये, त्यातले 5,000 आधी. गिटार अख्खीच सोडून जा, सेटअपही करून देतो. नेक आठ दिवस केमिकलमध्ये बुडवून ठेवावी लागेल. आणि नेकच्या डोक्यावरचा (तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथला) लोगो, मागचा सीरियल नंबर, सगळं घासताना जाईल. नाहीतर नवं-जुनं लाकूड वेगळं दिसतं. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेलो.

यातली एकेक गोष्ट आता ऐकली तर मी तिथूनच चपला घालीन. लाकडाची नेक कुणी आठ दिवस बुडवून ठेवत नाही, ती वाकडी होईल. थर काढायचाच तर फ्रेटबोर्डाच्या (बोटं ठेवायच्या पुढच्या बाजूच्या) कडेला मास्किंग टेप लावून 320 च्या पॉलिश पेपरने मागची बाजू घासतात, मग 400, मग 600. त्यावर ट्रू-ऑइल. हे मुळात बंदुकीच्या दस्त्यासाठी बनवलेलं जवसाच्या तेलाचं मिश्रण. बोटाने अगदी पातळ हात द्यायचा, पुसायचा, वाळू द्यायचा, असे तीन-चार हात. शेवटी चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक स्टील वूल आणि मेण. (स्टील वूलचा भुगा पिकअपच्या (तारांखाली बसवलेल्या, आवाज पकडणाऱ्या भागाच्या) चुंबकाला चिकटतो, म्हणून नेक काढूनच करावं. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात.) यात डोक्याकडच्या भागाला हात लावायचं कारणच नाही. नेकच्या गळ्याशी थांबता येतं, कारखान्यातल्या गिटारींवरही ती सीमारेषा दिसते. अंगठा फिरतो तेवढाच भाग मोकळा लागतो. आणि खरं सांगायचं तर तेवढंही नको. भांडी घासायच्या स्कॉच-ब्राइटचा तुकडा घेऊन चकाकी घालवली असती, थर तसाच ठेवून, तरी चिकटणं थांबलं असतं. तीस रुपयांत काम.

तीन आठवड्यांनी गिटार परत आली. रंग छान, हाताला मऊ, लोगोच्या जागी कोरं लाकूड. माझ्या नेकवरच्या पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारांनी खड्डे पडले होते, तेही दिसेनात. ‘फ्रेटपण पॉलिश करून दिले सर, त्याचे वेगळे घेतले नाहीत.’ मी वर 500 रुपये जास्त दिले. हे लिहिताना हात थरथरतो, पण दिले.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवली. उकाडा मरणाचा. दोन गाण्यांनंतर तळहात पिवळसर तपकिरी झाला, झब्ब्याला डाग पडला.

दसऱ्याला सांगलीला गेलो तेव्हा गिटार घेऊन मिरजेला गेलो. एका म्हाताऱ्या कारागिरांकडे, चाचांकडे, बसलो. त्यांनी गिटार कधी दुरुस्त केली नव्हती, पण सतारीच्या दांड्या करण्यात जन्म गेलेला. नेक खिडकीकडे धरून त्यांनी कडेवरून नख फिरवलं. म्हणाले, ‘ही एका लाकडाची आहे म्हणता? मग हा सांधा कशाचा?’ केसाएवढी रेघ होती, फ्रेटबोर्ड वरून चिकटवल्याची. मागे अक्रोडासारखी गडद पट्टी होती खरी. माझ्याही नेकला होती, कारण एकसंध नेकमध्ये लोखंडी रॉड पाठीकडून घालतात आणि ती खाच बुजवतात. इथे ती नुसती शोभेला. चाचांनी ओल्या फडक्याने पुसून दाखवलं. ‘तेल आत मुरलेलंच नाही, रंग वर बसलाय. हिला आमच्या गावाचं नाव सांगितलं त्यानं?’

चार स्क्रू काढून नेक सोडवली. माझ्या नेकच्या बुडाशी तारखेचा शिक्का होता, इथे काही नाही. स्क्रूची भोकं ताजी, आत भुसा. हजार-दोन हजारांची चिनी नेक असावी.

फोन केला तर म्हणाला, ‘केमिकलने लाकूड बदलतं सर.’ त्यानंतर फोन बंद. पैसे ज्या यूपीआयवर गेले होते तिथलं नावही दुसऱ्याच कुणाचं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर लावला, तर कागद काय काय आहेत इथूनच सुरुवात. माझ्याकडे पाच हजारांच्या ट्रान्सफरचा एक स्क्रीनशॉट. चौकीत हवालदार दोनदा म्हणाले, ‘मान बदलली म्हणजे?’ गणपतीची गोष्ट सांगावी असं वाटून गेलं. माणूस चांगला होता, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर तेच विचारलं.

‘नंबर होता ना काहीतरी? कुठं होता?’

‘नेकवरच होता साहेब.’

‘मग तो आता कुठाय?’

तो पुसायला मीच पैसे दिले होते. ओळख पटवायची एकेक खूण मीच संमती देऊन काढायला लावली होती. आधी त्या नंबरचा एक फोटो काढला असता, बुडाच्या शिक्क्याचा एक, तर चौकीत दाखवायला काहीतरी असतं. माझ्या मोबाइलमध्ये त्या गिटारचे साठ-सत्तर फोटो आहेत. सगळ्यांत मी समोरून हसतोय.

दिवाळीनंतर जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत एक सुटी मेक्सिकन नेक दिसली. सातव्या फ्रेटच्या मागे नखाएवढा खळगा, माझी गिटार स्टँडवरून पडली होती तेव्हाचा. मित्राच्या नंबरवरून विचारलं, लोगो आहे का, नंबर आहे का. दोन्ही जागेवर. किंमत 18,000. मी लिहिलं, मागून घासलेली तर नाही ना?

‘नाही सर, कुणी हातसुद्धा लावलेला नाही. आरशासारखी आहे.’

संध्याकाळी पत्ता मागितला तोवर जाहिरात काढून टाकलेली होती.