मुलांची मतं घेणारं अ‍ॅप: विचारतं छान, पण उत्तर कोण देणार?

★★★☆☆

मी माध्यमिक शाळेत शिकवते. विद्यार्थी मंडळाचं कामही माझ्याकडेच आहे. मुलांची मतं जाणून घेण्यासाठी शाळेने या अ‍ॅपची वर्गणी भरली. वर्षभर वापरून लिहितेय.

मुलांना बोलतं करण्यात अ‍ॅप खरंच चांगलं आहे. नाव द्यावं लागत नाही, आणि टंकायचं नसेल तर बोलून उत्तर नोंदवता येतं. मंडळाच्या बैठकीत मान खाली घालून बसणारी मुलं इथे भरभरून बोलली. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात, हे आम्हाला इथेच कळलं. वाचून फार वाईट वाटलं.

निनावीपणावर मात्र विसंबू नका. अहवालात इयत्ता, तुकडी, मुलगे-मुली असे गट पडतात. तुकडी लहान असली की कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं. एवढ्याशा गटाचे निकाल वेगळे दाखवूच नयेत.

खरी अडचण पुढे आहे. प्रश्न फक्त शाळा घालू शकते, मुलांना स्वतःचा विषय मांडता येत नाही. अहवाल मुख्याध्यापकांकडे जातो आणि तिथेच थांबतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं १२ वं कलम मुलांना मत मांडू देण्यावर थांबत नाही. वय आणि समज पाहून त्या मताला योग्य वजन द्या, असंही सांगतं. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये या कलमाची चार अंगं मांडली: जागा, आवाज, ऐकणारे आणि प्रभाव. अ‍ॅप पहिल्या दोन गोष्टी करतं. उरलेल्या दोन आम्हालाच कराव्या लागल्या.

त्यासाठी सूचना फलकावर तीन रकाने आखले: तुम्ही काय म्हणालात, काय ठरलं, नाही ठरलं तर का. कड्या बसल्या. मधली सुट्टी वाढवता आली नाही, त्याचं कारण स्पष्ट लिहिलं. त्यावर नववीच्या मुलांनी तासिकांची वेगळी मांडणी स्वतः करून आणली आणि वेळापत्रकाच्या बैठकीत बसून समजावली. त्यातला अर्धा भाग आम्ही स्वीकारला.

घ्यायचं असेल तर आधी शाळेत विचारा: उत्तरं कोण वाचणार आणि किती दिवसांत मुलांना कळवणार? हे ठरलं नसेल तर घेऊ नका. पुढच्या आवृत्तीत मुलांना प्रश्न सुचवता आले, तर चौथा तारा देईन.