‘कट्यार’ आधी कुठे पाहावी: रंगमंचावर की पडद्यावर?

घरातल्या एखाद्या नवख्या माणसाला ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक पहिल्यांदा दाखवायचे असेल, तर सरळ त्यावरचा चित्रपट लावावा की प्रयोगाची वाट पाहावी, असा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत अनेकांनी विचारला आहे. चित्रपट केव्हाही हाताशी असतो. प्रयोग मात्र कधीतरी लागतो, तोही आपल्या गावात लागेलच याची खात्री नसते. त्यामुळे विचारणाऱ्याचा कल बहुधा आधीच चित्रपटाकडे झुकलेला असतो आणि त्याला फक्त कोणाची तरी संमती हवी असते. मी २०१० साली नव्या संचात उभा राहिलेला प्रयोग पाहिला, २०१५ च्या दिवाळीत चित्रपट पाहिला आणि पुढे माझ्या भाचीच्या निमित्ताने हाच क्रम उलटा लावून पाहिला. माझे मत त्या अनुभवातून बनले आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही, पण निर्णय घेणाऱ्याला त्याचा थोडाफार उपयोग व्हावा.

चित्रपटाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आधी सांगणेच योग्य. ज्या पिढीने नाट्यगृहाची पायरी क्वचितच चढली, तिच्यापर्यंत पुरुषोत्तम दारव्हेकरांची ही कथा सुबोध भावे यांच्या चित्रपटाने पोहोचवली. नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांच्या मूळ चाली अडगळीत न टाकता चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी आपली नवी गाणी त्यांच्या शेजारी ठेवली, आणि त्यांतले ‘सूर निरागस हो’ तर गणेशोत्सवात अजूनही ऐकू येते. ‘अरुणि किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता. कट्यारीनेच कथा सांगावी ही कल्पना आणि त्यासाठी योजलेला रीमा लागू यांचा आवाज, दोन्ही मला मनापासून आवडले. विश्रामपूरचा दरबार आणि हवेली पडद्यावर जशी भरून दिसते, तशी ती नाटकाच्या नेपथ्यात दिसणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये.

इतके सगळे असूनही मी चित्रपटगृहातून निराश होऊन बाहेर पडलो, आणि त्याचे कारण एकच होते. माझ्याबरोबरच्या मंडळींना चित्रपट फार आवडला होता, त्यामुळे ते कारण त्या वेळी मला नीट मांडता आले नाही. पुढे दोनदा चित्रपट पाहिल्यावर ते स्पष्ट झाले.

ही कथा गळ्याची आहे. राजगायक पंडित भानुशंकरांचा गळा, त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब आफताब हुसेन यांचा गळा आणि दुसऱ्याच्या दाराआडून चोरून गाणे उचलणाऱ्या सदाशिवचा गळा, यांपलीकडे त्यात फारसे काही घडत नाही. कोणत्या घराण्याचे गाणे कोणाच्या कंठात उतरते, ते वारशाने मिळते, तालमीने मिळते की नुसत्या ध्यासाने मिळते, हाच तिचा प्रश्न आहे. राजगायकाला मिळणारी, कलेच्या रक्षणासाठी एक खून माफ असलेली ती कट्यारदेखील अखेर गळ्याचाच मान आहे. अशा कथेत समोर दिसणारा माणूस आणि ऐकू येणारा आवाज एकाच देहाचे असणे, ही मला सोय वाटत नाही. कथेचा पायाच त्यावर उभा आहे.

चित्रपटात खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगांवकर करतात आणि गातात राहुल देशपांडे. सदाशिवची भूमिका सुबोध भावे करतात आणि गातात महेश काळे. यात कोणाच्याही कष्टांत कसूर आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पिळगांवकरांनी त्या भूमिकेत जीव ओतला आहे आणि गायकांविषयी तर बोलायलाच नको. पण बोलणे संपून गाणे सुरू होते, त्या क्षणी दोन आवाजांमधला सांधा मला दर वेळी ऐकू येतो. बोलताना आवाज एका जातीचा असतो, त्याला एक खर असते, उर्दूचे वळण असते. आणि पहिल्या आलापाबरोबर तिथे दुसराच गळा येतो, अधिक गोल, अधिक तयार, ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीतला. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो तेव्हा ओठ, भुवया, हात यांचे सगळे हिशेब चुकते असतात, पण तानेच्या आधी माणूस जो श्वास भरून घेतो, तो मला त्या देहात दिसत नाही. एकदा हे जाणवले की ते विसरता येत नाही. पुढच्या प्रत्येक गाण्याला मी कथा सोडून त्या सांध्याचीच वाट पाहत बसलो.

हिंदी-मराठी चित्रपटांत पार्श्वगायन चालतेच, मग इथेच ते का खटकावे, असे कोणी म्हणेल, आणि ती शंका रास्त आहे. इतर चित्रपटांत नायक गातो तेव्हा तो ‘गायक’ म्हणून गात नसतो. आनंद झाला, विरह झाला, म्हणून गाणे येते, आणि त्या वेळी आवाज कोणाचा हे आपण विचारत नाही. इथे मात्र भर दरबारात दोन गायक एकमेकांसमोर बसलेले आहेत आणि त्यांच्या गळ्यांचा निवाडा व्हायचा आहे. त्या निवाड्यात प्रत्यक्ष गळाच हजर नसेल, तर आपण नेमके कशाला दाद देत आहोत, हे मला कळेनासे होते.

या म्हणण्याला चित्रपटाच्या आतच एक आधार सापडतो. पंडितजींची भूमिका शंकर महादेवन यांनी केली आहे आणि त्यांचे गाणेही त्यांचेच आहे. अभिनेता म्हणून ते नवखे होते आणि काही ठिकाणी ते जाणवते. तरीही ते गायला लागले की सगळे सरळ होते. मान किंचित झुकते, डोळे अर्धवट मिटतात, सूर लागल्याचे समाधान आधी चेहऱ्यावर येते आणि मग कानावर पडते. तेवढ्या वेळेपुरता हा चित्रपट मला नाटकाइतकाच खरा वाटला. पंडितजींचा आवाज गेल्यानंतर कथेत जे नुकसान होते, ते चित्रपटाचेही नुकसान झाले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसऱ्या बाजूला मूळ नाटक. २४ डिसेंबर १९६७ रोजी प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेने ते रंगमंचावर आणले तेव्हा खाँसाहेब वसंतराव देशपांडे होते. मी तो संच पाहिलेला नाही. माझ्या वाट्याला आला तो २०१० चा नवा संच, ज्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि महेश काळे सदाशिव. म्हणजे चित्रपटात जे दोन गळे आहेत, तेच दोन गळे मी आधी त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यांसह ऐकले होते. माझी निराशा अधिक असण्याचे हेही एक कारण असेल, हे मी मान्य करतो.

‘घेई छंद मकरंद’ या पदाचे उदाहरण घेतो. अभिषेकींनी एकाच शब्दांना दोन चाली दिल्या, एक धानी रागातली आणि दुसरी सालगवराळी रागातली, आणि दोन घराण्यांमधले अंतर त्या एका पदात उभे केले. एका चालीत भुंगा फुलावर अलगद उतरतो. दुसरीत तो झेपावतो, गिरक्या घेतो, पाकळी न पाकळी धुंडाळतो. रंगमंचावर हा फरक नुसता ऐकू येत नाही, दिसतोही. खाँसाहेबांची चाल गाणारा नट दम साठवतो, छाती किंचित पुढे येते, मानेची शीर तटतटते, तान सुटते, आणि समेवर येताना त्याची नजर तबलजीकडे जाते. ती नजर कोणी लिहून दिलेली नसते. पडद्यावर तेच पद ऐकायला सुरेख आहे, वाद्यमेळही भरगच्च आहे, पण तबलजीकडे जाणारी ती नजर मला तिथे सापडली नाही.

आता भाचीविषयी. ती इंदूरला वाढली, चार वर्षे गाणे शिकत होती, आणि सुट्टीत आमच्याकडे आली असता मी तिला सोय म्हणून चित्रपट दाखवला. तिला तो आवडला. ‘मन मंदिरा’ ती पुढे आठवडाभर गुणगुणत होती. वर्षभराने एका हौशी संगीत नाटक मंडळीने पुण्यात ‘कट्यार’चा प्रयोग लावला, तेव्हा मी तिला मुद्दाम बोलावून घेतले. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि पहिला अंक संपेपर्यंत ती अस्वस्थ दिसत होती. मध्यंतरात तिने विचारले, “मामा, ‘सूर निरागस हो’ कधी येणार?” ते गाणे चित्रपटासाठी नव्याने केलेले आहे, नाटकात ते नाहीच, हे मी तिला आधी सांगायला हवे होते. पहिला अंकभर ती समोरच्या खाँसाहेबांमध्ये पडद्यावरचा चेहरा शोधत राहिली आणि न येणाऱ्या गाण्याची वाट पाहत राहिली.

त्या प्रयोगातले खाँसाहेब नावाजलेले गायक नव्हते. शेवटच्या अंकात वरच्या पट्टीत त्यांचा आवाज एकदा फाटला. ऑर्गनवाल्याने सूर धरून ठेवला, तबलजीने ठेका हलका केला, त्या गृहस्थांनी डोळे मिटून क्षणभर थांबून तीच जागा पुन्हा घेतली, आणि या वेळी ती लागली. नाट्यगृहातून जो ‘वाः’ उठला, तो मी अजून विसरलेलो नाही. भाचीने माझे मनगट घट्ट धरले होते. खाँसाहेबांचा अहंकार, वर्षानुवर्षांच्या हारीची सल, आपल्याच गळ्याविषयी वाटणारी धास्ती, हे सगळे त्या फाटलेल्या आणि मग लागलेल्या सुरात होते. ध्वनिमुद्रणात अशी चूक पुसली जाते आणि तिच्याबरोबर हेही पुसले जाते.

प्रयोगाच्या उणिवाही सांगायला हव्यात. संगीत नाटकात गाणारा नट उत्तम अभिनेता असेलच असे नाही, आणि त्या हौशी प्रयोगात काही गद्य प्रवेश खरोखरच रेंगाळले. कॉलरला लावलेला माइक दोनदा खरखरला. तीन तासांहून अधिक वेळ बसावे लागते, आणि लहान मुलांना किंवा गाण्याची अजिबात सवय नसलेल्यांना ते जड जाऊ शकते. चित्रपट थांबवता येतो, एखादा प्रवेश पुन्हा पाहता येतो, मराठी कच्चे असलेल्या घरच्या माणसाला मध्येच अर्थ सांगता येतो. परदेशात राहणाऱ्यांना तर पुष्कळदा दुसरा पर्यायच नसतो. तेव्हा केवळ कथा कळावी, गाण्यांची तोंडओळख व्हावी आणि संध्याकाळ चांगली जावी एवढीच अपेक्षा असेल, तर चित्रपट दाखवायला काहीच हरकत नाही.

पण ज्याला दाखवायचे आहे तो स्वतः थोडेफार गात असेल, किंवा पुढे गाण्याकडे वळावा अशी आपली इच्छा असेल, तर मी प्रयोगासाठी सहा महिने थांबेन. नामवंतांचाच प्रयोग असावा असा आग्रहही धरणार नाही. क्रमही महत्त्वाचा आहे. नाटक आधी पाहिलेल्याला चित्रपट नंतर चालतो, त्यातली नवी गाणी त्याला अधिकची भेट वाटतात. उलट क्रमात मात्र चित्रपटाचे चेहरे आणि गाणी रंगमंचाच्या आड येतात, हे मी भाचीच्या बाबतीत पाहिले.

प्रयोग लागण्याची काहीच शक्यता नसेल, तर चित्रपटापूर्वी वसंतरावांच्या आवाजातले ‘घेई छंद मकरंद’ आणि ‘सुरत पिया की’ दोन-तीन दिवस ऐकवावे, आणि गायिका-अभिनेत्री फैयाज यांचे ‘लागी करेजवा कटार’ही. दिवे मंद करून, दुसरे काही न करता ऐकवावे. प्रयोग लागला, तर पहिल्या पाच रांगांतली आणि शक्य झाल्यास ऑर्गन ज्या बाजूला असेल त्या बाजूची तिकिटे मागावीत. तिथून नटाचा श्वास दिसतो आणि त्याला सूर देणारा हातही दिसतो. भाचीचा धाकटा भाऊ यंदा बारा वर्षांचा झाला. त्याने अजून चित्रपट पाहिलेला नाही, आणि पुण्यात प्रयोगाची जाहिरात येईपर्यंत तो त्याला दाखवू नये, असे मी बहिणीला कळवून ठेवले आहे.