मंत्रिमंडळात जायचं की बाहेरून टेकू द्यायचा?

लोकसभा त्रिशंकू आली, २७२ चा आकडा कुणालाच गाठता आला नाही आणि तुमच्या पक्षाचे पंधराएक खासदार निवडून आले, की दिल्लीहून फोन खणखणू लागतात. पाठिंब्याचं पत्र दोन्ही वाटांनी द्यावंच लागतं. प्रश्न एवढाच उरतो, की त्यासोबत मंत्र्यांची नावंही द्यायची का?

बाहेरून पाठिंब्याचा मोह मोठा असतो. पेट्रोल महागलं तर शिव्या सरकारला आणि चांगलं काही झालं की श्रेयात आपलाही वाटा. पण या वाटेवर हातात हत्यार एकच असतं, पाठिंबा काढण्याचं, आणि ते एकदाच चालतं. डाव्यांनी २००४ मध्ये काँग्रेसच्या सरकारला बाहेरून टेकू देत हा खेळ सर्वांत नेटाने मांडला. सुमारे साठ खासदार, लेखी किमान समान कार्यक्रम, समन्वय समिती, शिवाय लोकसभेचं अध्यक्षपद सोमनाथ चटर्जींकडे. रोजगार हमीच्या कायद्यावर त्यांच्या आग्रहाची छाप स्पष्ट दिसते. २००८ मध्ये अमेरिकेसोबतच्या अणुकराराच्या वादात त्यांनी हत्यार उपसलं, तर समाजवादी पक्ष काँग्रेसच्या मदतीला धावला आणि सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. अध्यक्षपदाचा राजीनामा द्यायला नकार दिला म्हणून चटर्जींनाच पक्षातून काढावं लागलं. पुढच्या निवडणुकीत डावे २४ वर आले. त्या पडझडीला बंगालमधली कारणंही होती, पण दिल्लीतलं वजन त्याआधीच ओसरलं होतं.

मंत्रिमंडळात गेलं की खातं, फायली आणि बैठकीत खुर्ची मिळते. मोबदल्यात मंत्रिमंडळाचा प्रत्येक निर्णय तुमचाही ठरतो. बाहेर येऊन ‘आम्हाला विचारलंच नाही’ म्हणायची सोय राहत नाही. त्यात ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांवर आणून ठेवली आहे, त्यामुळे वाटायला खाती मोजकीच असतात. २०२४ मध्ये लोकसभेत एकच खासदार असलेल्या अजित पवारांच्या राष्ट्रवादीने देऊ केलेलं राज्यमंत्रिपद नाकारलं, कारण प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेट मंत्री होते. लोकसभेतल्या एका खासदारावर याहून जास्त काय मिळणार होतं?

मात्र खरा निकाल खात्यावर लागत नाही. आंध्रातल्या तेलुगू देसमचंच पाहा. २०१४ मध्ये त्यांचे १६ खासदार होते आणि २०२४ मध्येही १६च. दोन्ही वेळा पक्ष मंत्रिमंडळात गेला. पहिल्या वेळी भाजपकडे स्वतःचे २८२ होते. आंध्रला मागितलेला विशेष दर्जा मिळाला नाही, २०१८ मध्ये मंत्री बाहेर पडले, अविश्वास ठराव आणला आणि तो ३२५ विरुद्ध १२६ असा आपटला. दुसऱ्या वेळी भाजप २४० वर अडकला होता आणि जुलैच्या अर्थसंकल्पात आंध्रची राजधानी अमरावतीसाठी १५ हजार कोटींची घोषणा झाली.

म्हणून माझं मत असं: तुमच्याशिवाय सरकार पडणार असेल तर आत जा. पडणार नसेल तर मिळेल ते खातं घ्या किंवा घेऊ नका, फारसा फरक नाही. अपवाद एकच. दिल्लीत ज्याला तारायचं, तोच तुमच्या राज्यात मुख्य विरोधक असेल तर बाहेरच बरं. केरळात काँग्रेसशी लढणाऱ्या डाव्यांना दुसरा मार्ग नव्हता.

मागण्या काय त्या पत्र देण्याआधी कागदावर घ्या, पण फार ताणू नका. १९९८ मध्ये जयललितांनी पत्रासाठी वाजपेयींना ताटकळत ठेवलं, मंत्रिपदंही घेतली आणि पुढच्या वर्षी पाठिंबा काढून सरकार एका मताने पाडलं. त्यानंतरच्या निवडणुकीत वाजपेयी परत आले, तेव्हा त्यांच्यासोबत तमिळनाडूतून जयललितांचा कट्टर विरोधक द्रमुक होता.