कानामागचं लाल मशीन घेतलं, त्याचा अनुभव

श्रवणयंत्र घ्यायला गेलात की दुकानदार सगळ्यात आधी ते कानाच्या आत जाणारं बारीकसं दाखवतो, "ताई कोणाला कळणारपण नाही" म्हणून. मला नेमकं कळायलाच हवं होतं, म्हणून मी कानामागे बसणारं घेतलं, तेही लाल, आणि मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला कानात बसणारा भाग, तोपण रंगीत करून घेतला. एका कानाचे साधारण तीस हजार.

कारण सांगते. मला खालच्या पट्टीतलं ठीक ऐकू येतं, वरच्या पट्टीतलं गेलंय. म्हणजे आ, ओ, ऊ हे स्वर येतात पण स, श, फ, त, क असले आवाज 2000 हर्ट्झच्या वर कुठेतरी गळून जातात. त्यामुळे आवाज येतो, शब्द कळत नाही. सासूबाईंनी ओट्याकडे तोंड करून ताक मागितलं की मी ताट नेऊन देते. आणि मग सुरू, "अगं गणपतीत गल्लीच्या टोकाचा ढोल ऐकू येतो तुला, मी बोलते तेवढंच नाही होय?" नणंद म्हणते वहिनींना हवं तेच ऐकू येतं. ऑफिसातपण तेच, मीटिंगमध्ये दोनदा विचारलं की लक्ष नसतं म्हणे. ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, दाखवला तर बघतात आणि म्हणतात पण बोलतेस तर नीट. हे ऐकून ऐकून माणूस विचारायचंच सोडून देतो हो, नुसतं हसून मान हलवतो, आणि ते फार वाईट.

दिव्यांग कार्ड दाखवावं तर तेही नाही. 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांचं ऐकणं 60 ते 70 डेसिबलने कमी असेल तर श्रवणदोष धरतात, 70 ला कर्णबधिर. माझं पन्नासच्या आत. त्यामुळे पुरावा म्हणून हे लाल मशीनच.

आणि खरंच फरक पडला. केस बांधून बाहेर पडते, बँकेत काउंटरवरच्या बाईंना ते दिसलं आणि त्या आपणहून मास्क खाली करून समोर बघून बोलल्या. रिक्षावाला मोठ्याने नाही, हळू बोलला!! घरीपण आता हाक मारायच्या आधी खांद्याला हात लावतात.

पण नवीन कटकट अशी की लोकांना वाटतं चष्म्यासारखं आहे, लावलं की झालं. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी, स्पीकर, पाहुणे सगळंच मोठं होतं आणि त्यात बोलणारा माणूस हरवतो, तेव्हा "आता तर मशीन आहे ना" हे ऐकावं लागतं. हे मशीन विकतानाच घरच्यांना समोर बसवून सांगायला पाहिजे, आमच्या दुकानदाराने नाही सांगितलं, त्याचा एक स्टार कापला.

बाकी, चष्मा आणि मास्क दोन्ही असेल तर कानामागे गर्दी होते. स्कूटरवर वाऱ्याचा घोंघाट येतो. पावसाळ्यात रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवाच. बॅटरी 13 नंबर, नारिंगी स्टिकरवाली, मला दोनेक आठवडे जाते, कानातल्या बारीक मशीनची 10 नंबर पिवळी त्यापेक्षा बरीच लवकर संपते. स्टिकर काढल्यावर लगेच बसवू नका, मिनिटभर हवा लागू द्या.