साताऱ्यातला लॅटिनचा क्लास: ‘स्को’ला ४ स्टार, खुर्च्यांना १

पोवई नाक्याजवळ दर रविवारी लॅटिनचा छोटा क्लास चालतो, ६ रविवारांचे १८०० रुपये, त्याबद्दल लिहितोय. मी बॉटनीवाला, सीझनला कासला ग्रुप घेऊन जातो, फुलांची नावं नुसती घोकलेली, कुणी अर्थ विचारला की त त प प. म्हणून नाव घातलं.

पहिले दोन रविवार विभक्त्या, शाळेतलं संस्कृत परत भोगल्यासारखं, मी सोडणारच होतो. तिसऱ्या रविवारी मात्र पैसे वसूल. सरांनी बोर्डावर लिहिलं, रुबेओ म्हणजे लाल असणं, रुबेस्को म्हणजे लाल होत जाणं. कालेस्को तापत जाणं, सेनेस्को म्हातारं होत जाणं. नोट्समधे क्रियापदाच्या शेवटच्या ह्या ‘स्को’चा अर्थ ‘सुरुवात करणे’ असा छापलाय, ते सरांनीच खोडायला लावलं, म्हणाले अहो नुसती सुरुवात नाही, ते होत चाललंय. मग विचारलं, पहाटे घरात काय म्हणतात? उजाडतंय. कोण उजाडतंय? कोणीच नाही! लॅटिनमधे लूकेस्कित, तेही बिनकर्त्याचं. दिवस कलायला लागला की आद्वेस्पेरास्कित, हा शब्द म्हणता म्हणताच अंधार पडतो बघा.

आणि काम उरकलं की तो ‘स्क’ गायब, सेनेस्कोचा भूतकाळ सेनुई. आदोलेस्को म्हणजे वाढत जाणं, त्यातनं अ‍ॅडोलसंट म्हणजे अजून वाढतोय तो आणि अ‍ॅडल्ट म्हणजे वाढून झालेला, दोघं एकाच क्रियापदाची पोरं, हे मला पस्तिशीत कळलं.

खरा धक्का ‘सीतेची आसवं’ ह्या फुलाच्या शास्त्रीय नावाचा. युट्रिक्युलॅरिया पर्प्युरासेन्स, म्हणजे जांभळी होत जाणारी! इतकी वर्षं मी पब्लिकला नुसतं ‘जांभळी’ सांगत होतो. सोनकीचं सेनेसिओ पण सेनेक्सवरनं, सेनेक्स म्हणजे म्हातारा, फूल सरलं की पांढरे केस येतात ना तिला.

आता तक्रार. खुर्च्या लग्नाच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या, दोन तासात कंबर जाते, पार्किंग नाहीच. आणि घरी डिक्शनरी चाळली तर पास्को म्हणजे चारणं, पोस्को म्हणजे मागणं, ह्यात हळूहळू काय होतंय? सरांना विचारलं तर ‘पुढच्या रविवारी घेऊ’, आणि तो रविवार काय आलाच नाही. पुढच्या बॅचला कोणी जाणार असाल तर उशी न्या आणि पोस्कोचं तेवढं विचारून मला सांगा.